आमच्या घरी नर्स हाय

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शालिकरामजी दर रविवारी सकाळी व्हरांड्यात दोन बाकडी समोरासमोर मांडायचे, मधल्या टेबलावर पाऱ्याचं बीपीचं मशीन ठेवायचे आणि फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत ओढायचे. "या नं बाप्पा, लाजता कायले? बसा लाइनीनं. आमच्या घरी नर्स हाय!" ती नर्स म्हणजे मी. आठवडाभर वॉर्डात उभी राहून पाय सुजलेली, आणि सुट्टीच्या दिवशी 'जरा दादाकडे जाऊन येऊ' म्हणून आमच्या ह्यांनी गाडीवर बसवून आणलेली. भंडाऱ्याहून जवाहरनगर काही लांब नाही. लांब असतं तर किती बरं झालं असतं, असं मी गाडीवर मागे बसून दर रविवारी म्हणत असे.

भासरे जवाहरनगरला फॅक्टरीत स्टोअरमध्ये होते. क्वार्टरमध्ये राहायचे, आणि रिटायर झाल्यावर तिथून हलायचं जिवावर आलं म्हणून जवळच घर बांधून राहिले. क्वार्टरचा व्हरांडा गेला, घराचा पोर्च आला, माझी रविवारची ड्युटी तशीच राहिली. फॅक्टरीतले जुने सोबती, त्यांच्या बायका, दूधवाला, एकदा तर वीजबिल वाटायला आलेला माणूससुद्धा, सगळ्यांच्या दंडाला मी पट्टा बांधला. भासरे स्वतः आरामखुर्चीत बसून हुकूम सोडायचे. पण मला नाही. मला थेट बोलायचे नाहीत. हुकूम जायचा जाऊबाईंना.

"सांग तिले, ह्या सायबाचा दोन्ही हातांचा पाह्य म्हणा."

मी तिथेच, चार हातांवर. मला ऐकू यायचं. तरी जाऊबाई वळून म्हणायच्या, "दोन्ही हातांचा पाह्य म्हणतात." मग मी पाहायची. बाहेरगावच्यांना गंमत वाटेल, आमच्याकडे ही रीत आहे. धाकट्या भावाची बायको म्हणजे भावसून. भासऱ्याने भावसुनेशी बोलू नये, तिने त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देऊ नये, आणि एकमेकांना शिवायचं तर नावच नको. जाऊबाई घरात नसल्या तर शालिकरामजी घड्याळाशी बोलायचे. भिंतीकडे पाहून म्हणायचे, "चार वाजले. चहा झाला असन तं बरं होईन." त्या घड्याळाला जेवढा मान होता, तेवढा मला नव्हता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका वरातीच्या गर्दीत त्यांचं कोपर माझ्या खांद्याला लागलं. लागलं म्हणजे काय, ढकलाढकलीत कोणाचंही कोणालाही लागतं. ते तिथूनच परत फिरले आणि विहिरीवर जाऊन आंघोळ करून आले. मग निरोप आला, "सांग तिले, तिनंही आंग धुवाचं." मार्गशीर्षातली थंडी, आणि मी रात्रपाळी करून सरळ लग्नाला आलेली. ज्या हातांनी मी पहाटे एका परक्या म्हाताऱ्याला लघवीची नळी घातली होती, त्या हातांना काही झालं नव्हतं. भासऱ्याचं कोपर लागलं, तर डोक्यावरून पाणी! मी आंघोळ केली. दात वाजत होते आणि मनातून मी त्यांना शिव्या देत होते. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आता एक गोष्ट सांगावीच लागते, जड जातं तरी. माझं पोर तान्हं असताना माझी बदली नाकाडोंगरीला झाली. तिकडे जंगल, खाणी, आणि ओळखीचं माणूस एक नाही. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांना सुट्टी नाही. दर पंधरवड्याला बस बदलत बदलत शालिकरामजी तिथे यायचे. तांदळाची पिशवी, डाळ, पोराला बिस्किटं. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर सामान ठेवायचे, बाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसायचे, स्वतःच्या डब्यातली भाकर खायचे आणि परतीच्या बसने निघून जायचे. एक अक्षर बोलायचे नाहीत. शेजारची आशा वर्कर मला विचारायची, "तुमचा कोन्त्या जन्माचा दुश्मन हाय का हा, सिस्टर?" मी हसायची. नंतर तेच जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे घालून माझी बदली भंडाऱ्याला करून घेऊन आले. हे सगळं माझ्यासाठी होतं की माझ्या नोकरीसाठी, ते मला आजही कळलेलं नाही. मला वाटतं नोकरीसाठी.

कारण सरकारी नोकरीपुढे त्यांना देवसुद्धा दुय्यम होता. त्यांचं एक बोलणं सगळ्या नात्यागोत्यात पाठ होतं. "पेन्शन म्हंजे म्हातारपणचा पोरगा. तोंड वर करून बोलत नाही, पुण्याले जात नाही, आन् एक तारखेले दारात हजर!" त्यांचा स्वतःचा मुलगा सचिन पुण्याला गेलेला होता, म्हणून ह्या बोलण्यावर लोक हसायचे आणि जाऊबाई उठून आत जायच्या. दुसरं बोलणं असं, "सरकारी नोकरी सोडनारा आन् भरल्या ताटावरून उठनारा, दोघंही येडे."

तर मी भरल्या ताटावरून उठायचं ठरवलं.

का, ते सांगते. मला दुखणं ऐकवेनासं झालं होतं. वीस-बावीस वर्षं झाली की माणूस हुशार होतो म्हणतात, खरं आहे, हात आपोआप चालतात. पण कान भरून जातात. वॉर्डात कण्हणं, बाहेर नातेवाइकांची आरडाओरड, घरी आलं की शेजारीण दार वाजवते, "सिस्टर, जरा सुई टोचून देता का?" लग्नात गेलं की वरमाई पदर सावरून मनगट पुढे करते. मयतीला गेलं तरी कोणीतरी बाजूला घेऊन रिपोर्ट दाखवतं. मी एका बाईच्या तेरवीत जिलेबी खात दुसरीच्या थायरॉइडचा रिपोर्ट वाचला आहे. मी लता आहे हे मीच विसरले होते. सगळ्यांसाठी सिस्टर, शालिकरामजींसाठी 'ती'.

आणि एक गोष्ट मला येत होती, तिच्यात जीव रमत होता. मी बायकांना स्कूटी शिकवायची. सुरुवात आमच्याच दवाखान्यातल्या एका सिस्टरपासून झाली. नवरा सोडायला येईना म्हणून ती रडत होती. मी तिला म्हटलं, "रडतेस काय, चल मैदानावर." आठवडाभरात ती गाडी घेऊन ड्युटीवर आली. मग दुसरी, तिसरी, मग अंगणवाडीच्या बाई, मग बँकेतली शिपाईण. पाय जमिनीला घासत घासत गाडी चालवणारी बाई एका क्षणी दोन्ही पाय वर घेते, आणि ओरडते. घाबरून नाही, मजेने. ते ओरडणं ऐकलं की माझे भरलेले कान मोकळे व्हायचे. सेकंडहँड कार घ्यायची, तिला शिकवणाऱ्याच्या बाजूनेही ब्रेक लावून घ्यायचा, आणि फक्त बायकांसाठी क्लास काढायचा. शेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईला, म्हणजे तिथल्या जत्रेला, आमचं सगळं खटलं गावच्या घरी जमतं. नाटक पाहायचं, लेकी-जावयांना जेवू घालायचं, आणि वर्षभराचे वाद त्याच दोन दिवसांत उरकायचे. तिथेच आमच्या ह्यांनी विषय काढला. म्हणजे मी कोपरानं ढोसल्यावर काढला. "दादा, लता स्वेच्छानिवृत्ती घ्याची म्हणते." शालिकरामजींच्या हातात भाताचा घास होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला.

"सांग तिले," ते जाऊबाईंना म्हणाले, आणि आवाज असा की ओसरीवरचे पाहुणे वळून पाहू लागले, "सरकारी नर्सचा डरेस उतरवून मैदानात बायांच्या मांगं धावशीन? लोकं काय म्हनतीन? शालिकरामची भावसून डरायवर झाली!"

"लोकं म्हनतीन, बीपी पाहाले आता कोन हाय," असं मी पदराआडून म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. भासऱ्यासमोर भावसून बोलली! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, तिने "रामा रामा" म्हणून कानाला हात लावला.

"सांग तिले, मी जित्ता हाय तंवरक हे होनार नाही."

आमचे हे मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यांचा मला राग आला नाही, कीव आली. गाडीवर बसल्यावर म्हणतात, "दादाचं मन मोडवत नाही गं." मी म्हटलं, "माझं मोडतं ते चालतं का?" पण मी ठरवलं होतं, संक्रांत झाली की अर्ज देणार. दादा जित्ता असो की नसो.

आता आणखी एक सांगायचं राहिलं, आणि तेच मुख्य. त्या पोर्चमध्ये सगळ्या जगाचा बीपी पाहिला गेला, एका माणसाचा कधीच पाहिला गेला नाही. शालिकरामजींचा. मी कशी पाहणार? पट्टा बांधायचा म्हणजे दंड धरावा लागतो. दवाखान्यात जा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "घरी नर्स असताना दवाखान्यात कायले जाऊ?" देवा शपथ, असंच म्हणायचे, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचा चेहरा तांबूस दिसायचा, जिना चढले की कान लाल व्हायचे. मी जाऊबाईंमार्फत सांगून सांगून थकले. शेवटी बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन दिलं आणि जाऊबाईंना वापरायला शिकवलं. ते त्यांनी पेटीत बंद केलं. "मशिनीचं काय खरं हाय? नर्सनं हातानं पाह्यलं तं खरं." मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि भांडायचं तर कोणामार्फत?

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी पोर्चमध्ये एका गृहस्थाच्या दंडाचा पट्टा सोडत होते. मागे काहीतरी आपटलं. शालिकरामजी खुर्चीतून एका बाजूला कलले होते, हातातला कप फरशीवर फुटला होता, तोंड वाकडं झालं होतं. मी उठले आणि त्यांना धरायला झेपावले. तेवढ्यात जाऊबाई दारातून ओरडल्या, "आवं, हात नोको लावू! भासरे हायत!"

मी थांबले. हो, थांबले. इतक्या वर्षांची सवय, हात हवेत राहिला. शालिकरामजी तसेच घसरत खाली आले. आणि त्याच जाऊबाई पुढच्या श्वासाला किंचाळल्या, "पाह्य नं वं लता, काय झालं ह्याहिले? पाह्य नं!"

मग मी कोणाचं ऐकलं नाही. त्यांना कुशीवर केलं, शर्ट फाडला, पट्टा बांधला. पारा जिथे जाऊन थांबला ते पाहून माझ्या तोंडून शिवीच निघाली. गाडी काढा म्हणून मी इतकी ओरडले की लाइनीतले लोक पळत सुटले. नागपूरला नेईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आंघोळीचं कोणी काही म्हणालं नाही.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. महिनाभराने घरी आणलं तेव्हा खोलीत सगळे जमले: सचिन पुण्याहून आलेला, जाऊबाई, आमचे हे, आत्याबाई. मलाही बोलावून घेतलं. मला वाटलं कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, हे विचारायचं असेल. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घ्यायला सांगायचं मी ठरवूनच गेले होते.

सचिन म्हणाला, "काकू, तू नोकरी सोडणारच होतीस ना?"

"हो."

"मग बरंच झालं. सोडून टाक. बाहेरचा माणूस ठेवून काय उपयोग? घरचीच नर्स असल्यावर."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुह्यासारखं कोन करनार हाय, लता? इथंच राह्यले या दोघंही." आमचे हे खिडकीबाहेर पाहत होते. म्हणजे ह्यांना आधीच विचारून झालं होतं! मंडईला माझी नोकरी म्हणजे घराण्याची अब्रू होती, सोडली तर नाक कापलं जाणार होतं. आता त्याच तोंडांनी सोड म्हणत होते. गाडी शिकवायला सोडली तर येडी, आणि भासऱ्याची बेडपॅन काढायला सोडली तर लक्ष्मी!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि शिवायचं कसं?" मी विचारलं. "भावसून आहे मी."

आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाली, "दुखण्यात कायचा विटाळ वं?"

"मग हे दुखणं यायच्या आधी कुठे गेलं होतं हे शहाणपण?" मी एवढ्या मोठ्याने बोलले की आत्याबाई भिंतीला टेकली. "एक पट्टा बांधायचा होता! एक! साऱ्या जवाहरनगरचे दंड धरले मी, आणि ह्या माणसाच्या दंडाला हात लावला तेव्हा त्याची अर्धी बाजू गेलेली होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून पाडलंय ह्यांना. आता उचलायला मी पाहिजे?"

खाटेवरून आवाज आला. शब्द फुटत नव्हते, लाळ येत होती, डावा हात गादीवर आपटत होता. सगळे वाकले. शालिकरामजी जाऊबाईंकडे पाहत होते.

"सां...ग... ति...ले..."

"काय जी? काय सांगू?"

"नो...करी... सोडू... नोको."

हद्द आहे की नाही? अर्धं अंग गेलं, पण पेन्शन सुटलं नव्हतं. सचिनने समजावून पाहिलं, "बाबा, तुमच्यासाठीच म्हणतोय आम्ही." त्यांनी त्याच हाताने त्याला झटकलं. "नोको!" ते स्पष्ट आलं. घरातल्या मोठ्या माणसाने नाही म्हटलं, विषय संपला. जाऊबाई पदर तोंडात धरून रडू लागल्या. ज्या माणसाने माझी वाट अडवली होती, त्यानेच माझ्यासाठी टाकलेलं जाळं तोडून टाकलं, आणि तेही मला अडवत अडवतच. उपकार मानावेत की दगड मारावा? मला दोन्ही करावंसं वाटलं.

मी खाटेजवळ गेले. डोक्यावरचा पदर कधी खाली आला होता कोण जाणे, मी तो घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भासऱ्यांशी तोंडातोंडी बोलले.

"मी नोकरी सोडणार आहे. आणि तुमचं करायलाही येणार नाही. माणूस मी शोधून देईन, त्याला शिकवूनही देईन. पण मी करणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तेही पहिल्यांदाच. तोंडाची डावी कड जराशी वर गेली. हसले की चिडले, मला कळलं नाही. अर्ध्या तोंडावरून काय कळणार?

बोलल्याप्रमाणे केलं. लाखनीकडचा एक माणूस मिळवून दिला, कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची, घास कसा भरवायचा, सगळं उभं राहून शिकवलं, आणि भंडाऱ्याला परतून अर्ज टाकला. आमच्या ह्यांनी सही पाहिली आणि संध्याकाळी सेकंडहँड कारवाल्याचा नंबर स्वतःहून आणून दिला.

क्लास सुरू झाला त्या महिन्यातच, भर उन्हाळ्यात, शालिकरामजी गेले. सकाळची वेळ होती. मी मैदानावर एका शिक्षिकेला क्लच सोडायला शिकवत होते. फोन वाजत होता, तिने गाडी बंद पाडू नये म्हणून मी तो उचलला नाही. तेरवीला पंगत बसली तेव्हा मागच्या ओळीतल्या बाया कुजबुजत होत्या, "घरात नर्स होती म्हनतात, तरी बिचारा असा गेला." मी भाजीचं पातेलं घेऊन त्यांच्याच समोरून वाढत गेले. "घ्या," म्हटलं, "पोटभर घ्या."

मला त्यांचा राग आहे, आजही आहे. माणूस जळला म्हणून राग जळत नाही. मला घड्याळापेक्षा कमी लेखलं, थंडीत आंघोळ करायला लावली, माझे रविवार खाल्ले, ते सगळं मी माफ केलं असतं. पण जगाचे दंड माझ्यापुढे धरायला लावणाऱ्या त्या माणसाने एकदा, एकदाच आपल्या शर्टाची बाही वर सरकवली असती, तर मी पदरबिदर काही पाहिला नसता.